कात्रीबाई आणि साभार सरांचा पाचवा अर्ज

विद्यापीठात त्यांना त्यांच्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. नाव होतं ते पगारपत्रकावर आणि दारावरच्या पाटीवर, तिथंही अर्ध्या अक्षरांचा रंग उडालेला. तोंडावर सगळे 'मॅडम' म्हणत आणि पाठ फिरली की 'कात्रीबाई'. हे बाईंना ठाऊक होतं, आणि त्यांना ठाऊक आहे हे बाकीच्यांनाही ठाऊक होतं.

काम साधं होतं. कुणाला संशोधनासाठी पैसे हवे असले, की कोणती संस्था कशाकरता अनुदान देते, अर्ज कधी मागवते, कोणते कागद लागतात, हे बाई सांगायच्या. मग ते विद्वान अर्ज लिहून आणायचे आणि बाई त्यातलं निम्मं कापायच्या. 'क्रांतिकारक', 'अत्यंत महत्त्वपूर्ण', 'आजवर कुणीही न केलेलं' असले शब्द त्यांच्या टेबलापलीकडे कधी गेले नाहीत. "कुणीही केलं नाही म्हणता, मग मागे ही चाळीस जणांची संदर्भसूची कशाची जोडलीत?" असं त्या अगदी शांतपणे विचारायच्या आणि समोरचे प्राध्यापक पाणी मागायचे.

अशी चोवीस वर्षं झाली होती. पाचशेच्या वर अर्ज त्यांच्या हाताखालून गेले. मंजूर झाले ते विद्वानांच्या हुशारीनं, नामंजूर झाले ते बाईंच्या कात्रीनं, असा हिशेब विद्यापीठात पहिल्यापासून पक्का होता. बाईंनी त्याबद्दल वाद घालणं कधीच सोडून दिलं होतं.

त्यांची खोली दुसऱ्या मजल्याच्या टोकाला होती. पूर्वी तिथं फोटो धुण्याची अंधारखोली होती. खिडकीच्या काचांना फासलेला काळा रंग कुणीतरी कधीतरी खरवडून काढला होता, पण कोपऱ्यांमध्ये तो तसाच होता. त्या उजेडात दिवसभर संगणकाच्या पडद्यावरची बारीक अक्षरं वाचून बाईंची मान धरायची आणि डोळ्यांमागे एक ठणका बसायचा. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. आताशा थकवा असा यायचा की झोपून जात नसे. सकाळी उठलं की तो आधीच उठून बसलेला असायचा.

घरी गेल्यावर वेगळंच. बाईंचा नवरा कापडगिरणीत माग दुरुस्त करणारा मिस्त्री. एकतीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढली आणि त्यात कान गेले. लेकीनं हौसेनं श्रवणयंत्र घेऊन दिलं होतं, पण ते लावलं की भांड्याला भांडं लागलं तरी मिस्त्रींना डोक्यात घण पडल्यासारखं व्हायचं. यंत्र कपाटात गेलं ते गेलं. 'जेवायला चला' हे तीनदा सांगावं लागे, तिसऱ्यांदा घशाच्या शिरा ताणून. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं कमी करून आलेल्या बाईंनी मग हळूहळू आपली स्वतःचीही कमी केली. जेवण, औषध, दूधवाला, वीजबिल. एवढ्यात संसार चालत होता.

अशा दिवसांत एका दुपारी साभार सर आले.

हे पदार्थविज्ञान विभागातले. वय शेहेचाळीस, अंगानं किडकिडीत, बॅगेची चेन तुटलेली म्हणून तिला सेफ्टी पिन. चार वर्षांत चार अर्ज केले आणि चारही 'साभार परत' आले. तेव्हापासून शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळे त्यांना साभार सर म्हणत. ते स्वतःही कधीकधी फोनवर चुकून तेच सांगत.

"मॅडम, पाचवा आणलाय," ते दारातूनच म्हणाले.

"मागच्या चारांवरचे शेरे वाचलेत का?"

"वाचले. शेवटच्या तज्ज्ञानं लिहिलंय, 'अर्जदाराला नेमकं काय करायचं आहे, ते निदान अर्जदाराला तरी ठाऊक असावं.'"

त्या आठवड्यात बाई पहिल्यांदाच हसल्या. मग चष्मा पुसून त्यांनी अर्ज पुढ्यात ओढला. पहिलंच वाक्य होतं, 'ध्वनी ही एक यांत्रिक तरंगरूपी ऊर्जा होय.' बाईंनी ते खोडलं. दुसरं पान खोडलं, तिसरं खोडलं. सर मान खाली घालून बसले होते, केस कापून घ्यायला बसलेल्या माणसासारखे. अकराव्या पानावर बाईंचा हात थांबला. तिथं लिहिलं होतं, की कापडगिरण्यांच्या माग खात्यातल्या आवाजानं कामगारांचे कान कसे आणि किती वर्षांत जातात, हे मोजायचं आणि त्यावर स्वस्तातला उपाय शोधायचा.

"हे अकराव्या पानावर का?"

"आधी पार्श्वभूमी नको का मॅडम?"

बाईंनी पुढची पानं चाळली. "कानात घालायचे रबरी बोळे देतात ना गिरणीत? त्यांचं काय?"

"देतात. कामगार वापरत नाहीत. निष्काळजीपणा, जागृतीचा अभाव. पान चौदावर सविस्तर आहे."

बाईंना ते लागलं. का लागलं ते त्यांनी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. "तुम्ही कुणाला विचारलंत?"

"म्हणजे?"

"एखाद्या माग चालवणाऱ्याला विचारलंत, की बाबा रे, तू हे बोळे का घालत नाहीस?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "नाही."

"किती वर्षं या विषयावर काम करताय?"

"नऊ," सर म्हणाले आणि त्यांचाच आवाज पडला.

खरं म्हणजे बाई घरचं घरी आणि कचेरीतलं कचेरीत ठेवणाऱ्या. पण त्या दिवशी समजावून सांगत बसण्याचंही त्राण नव्हतं. त्यांनी कागदावर पत्ता लिहून दिला. "रविवारी सकाळी घरी या. माझे यजमान गिरणीत मिस्त्री होते. घसा तेवढा चांगला ठेवून या."

रविवारी मिस्त्रींनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि दहा वाजल्यापासून खुर्ची दाराकडे फिरवून बसले. आपल्या कामाबद्दल विचारायला कुणी मोठ्या शाळेतला माणूस येतो आहे, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. सर आले आणि त्यांची पंचाईत झाली. त्यांचा आवाज वर्गातल्या दुसऱ्या बाकापर्यंत पोचायची मारामार, तिथं मिस्त्रींपर्यंत काय पोचणार? शेवटी त्यांनी वही काढली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'तुम्ही कानात बोळे का घालत नव्हता?'

मिस्त्रींनी वाचलं आणि ते सरांकडे असे बघू लागले, की एवढंही कसं कळत नाही या शिकलेल्या माणसाला.

"अहो, कान बंद केले तर माग कळत नाही!"

मग ते बोलत सुटले. एका ओळीत तीस माग. प्रत्येकाचा आवाज निराळा, जसा पोरांचा असतो. धोटा इकडून तिकडे जातो, खट-खट, खट-खट. दोरा तुटायच्या आधी, दांडा ढिला व्हायच्या आधी, त्यातला एक खट लंगडतो. तो ऐकू आला की माणूस धावत जाऊन माग थांबवतो. नाही ऐकू आला तर हातभर कापड वाया जातं आणि पगाराला कात्री लागते. "बोळे घातले की सगळे माग मुके. मग काय करायचं, सांगा? कान राखायचा की नोकरी? आम्ही माग ऐकत राहिलो. ऐकता ऐकता ऐकणंच गेलं."

"मग नंतर कसं कळायचं?" सरांनी लिहिलं.

"नंतर तळपायानं. चप्पल काढून उभं राहायचं. फरशी सांगते."

सरांची पेन्सिल थांबेना. नऊ वर्षांत जे पुस्तकांत मिळालं नाही ते अर्ध्या तासात वहीत उतरत होतं. त्यांनी पुढचा प्रश्न लिहिला, 'कोणते आवाज आधी गेले?'

"बारीक आवाज आधी. शिट्टी, घंटी. मग लेकीचा. मग हिचा." मिस्त्री पुढं झुकले आणि त्यांनी आवाज उतरवला. म्हणजे उतरवला असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात तो जिन्यापर्यंत ऐकू जात होता. "एक सांगतो सर, तिच्या कानावर घालू नका. ही पूर्वी फार बोलायची. घरात पाऊल टाकलं की सुरू. आज कोण आलं, कुणी काय लिहिलं, नकला करून दाखवायची. सात-आठ वर्षं झाली, बोलत नाही. माझं काहीतरी चुकलं असणार. काय चुकलं ते आठवत नाही, आणि विचारायचीही चोरी. विचारलं आणि तिनं सांगितलं, तरी मला थोडंच ऐकू येणार आहे?"

आणि स्वतःच्याच विनोदावर ते हसले.

बाई आत गॅसजवळ उभ्या होत्या. चहा गाळायचं गाळणं त्यांच्या हातात होतं, ते हातातच राहिलं. आठ वर्षं हा माणूस आपला गुन्हा शोधत बसला होता, आणि त्यांना वाटत होतं की त्याच्या काही लक्षातच आलेलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी तीन कप भरले आणि बाहेर नेले. सरांचे कान लालबुंद झाले होते. ते कपात बघत चहा प्यायले आणि 'येतो' म्हणून गेले.

दुपारी जेवणं झाल्यावर बाई मिस्त्रींच्या डाव्या बाजूला बसल्या. तो कान जरा बरा होता. "मी रागावले नव्हते!" त्या ओरडल्या.

"काय लावले नव्हते?"

"रागावले! रागावले नव्हते!"

"कोण गावले?"

बाईंचा घसा बसला. शेजारी सर विसरून गेलेली त्यांच्या अर्जाची खोडलेली पानं पडली होती. त्यांतलं एक उलटं करून त्यांनी लिहिलं, 'रागावले नाही. दमते.' आणि पुढं केलं. मिस्त्रींनी कागद लांब धरून वाचला. परत वाचला. मग चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"मग लिहीत जा ना. वाचता येतं मला."

चोवीस वर्षं लेखणीवर पोट भरणाऱ्या बाईला हे सुचलं नव्हतं. हसावं की रडावं ते कळेना, आणि दोन्हींपैकी काहीही करायला अंगात जोर नव्हता. मग त्यांनी कागद ओढला आणि त्यावर तो 'अर्जदाराला तरी ठाऊक असावं' हा शेरा लिहून दिला. मिस्त्री इतके हसले की त्यांना ठसका लागला.

त्यानंतर तीन आठवडे पाचव्या अर्जावर काम चाललं. सव्वीस पानांची नऊ पानं झाली. पहिलं वाक्य बाईंनी कापलं नाही, उलट त्यांनीच घातलं: 'कान बंद केले तर माग कळत नाही, असं एका निवृत्त माग-मिस्त्रींनी आम्हाला सांगितलं.' पुढं सरळ मांडलं होतं, की असा बोळा करायचा जो मागांचा धडाका अडवेल, पण लंगडलेला खट तेवढा आत सोडेल. ते मिस्त्री आपले यजमान आहेत, हेही बाईंनी वेगळ्या पानावर स्वच्छ लिहून जोडलं, उद्या कुणी बोट दाखवायला नको म्हणून.

बाईंच्या विभागाच्या संचालकांनी पहिलं वाक्य वाचून कपाळाला आठी घातली. "मॅडम, हा अर्ज आहे की गोष्ट? काढा हे."

एरवी बाई 'बरं सर' म्हणून निघाल्या असत्या. "तुम्ही काढा सर. शेजारी सही करा, म्हणजे पुढं कुणी विचारलं तर मला सांगता येईल."

संचालकांनी पेन उघडलं, बंद केलं. सही केली ती अर्ज पाठवायच्या जागी. "एवढ्या वर्षांत तुम्ही कधी हट्ट धरला नाहीत."

"दमले असेन सर," बाई म्हणाल्या.

सात महिन्यांनी उत्तर आलं. नामंजूर.

पाचशे अर्जांतले चारशेच्या वर नामंजूर झालेले बाईंनी पाहिले होते. नामंजुरीचं पत्र म्हणजे त्यांच्या लेखी पावसाळी छत्रीइतकीच रोजची गोष्ट. पण हे पत्र त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग त्या खुर्चीत बसल्या. एवढी आशा आपण कधी धरली, हे त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं.

साभार सर आले ते उभेच राहिले. "मॅडम, आता पुरे. माझ्या दारावर तेच नाव रंगवून घेतो. पाटीवाल्यालाही सोपं पडेल."

"बसा."

"नको मॅडम. तुमचाही वेळ गेला, मिस्त्रींचाही."

"बसा म्हणते ना! मला मान वर करून बोलवत नाही."

सर बसले. बाईंनी तज्ज्ञांचे शेरे तीनदा वाचले होते. कल्पना नवी आहे, असं दोघांनी लिहिलं होतं. पण कान तपासणारा डॉक्टर सोबत नाही आणि एवढ्या मोठ्या योजनेत हे काम बसत नाही, असंही होतं. "हे साभार परत नाही," बाई म्हणाल्या. "आपण चुकीच्या दारात उभे होतो." कामगारांच्या आरोग्यासाठी पैसे देणारा एक लहानसा न्यास होता. त्याची जाहिरात विद्यापीठात कुणी वाचत नसे, कारण रक्कम थोडी आणि मान त्याहून थोडा. मुदत अठरा दिवसांची होती. डॉक्टर तेवढा हवा होता.

सरांना पाठवलं असतं तर त्यांनी डॉक्टरांना ध्वनी म्हणजे काय ते आधी समजावलं असतं. म्हणून बाई स्वतः सरकारी दवाखान्यात गेल्या. कानाच्या विभागाबाहेर बाकावर पावणेदोन तास बसल्या. एका बाजूला कानात कापूस घातलेलं मूल, दुसऱ्या बाजूला स्वतःशीच मोठ्यानं बोलणारे आजोबा. नंबर लागला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुठला कान?"

"दोन्ही. पण माझे नाहीत," बाई म्हणाल्या आणि नऊ पानं पुढं ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी पहिलं वाक्य वाचलं आणि खुर्चीला पाठ टेकली. "वीस वर्षं मी या लोकांना ओरडतेय, बोळे घाला, बोळे घाला. एकानं मला हे सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलंत?"

डॉक्टरीणबाईंनी अर्ज पुढं ओढला. मग त्यांनी सही कुठं करायची ते विचारलं.

न्यासाचं उत्तर आलं तेव्हा बाईंच्या निवृत्तीला सात आठवडे राहिले होते. मंजूर. पहिल्या संस्थेकडे मागितलं होतं त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं, आणि मुदत वर्षाची. साभार सरांनी पत्र बाईंच्या टेबलावर ठेवलं.

"तुमचं नाव सहसंशोधक म्हणून घालतो," ते म्हणाले.

"नियमात बसत नाही. मी कचेरीची माणूस."

"मग?"

"आभारात टाका. अर्ध्या ओळीत."

बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात संचालकांनी त्यांना 'आमच्या विभागाचा कणा' म्हटलं. कण्यात मणक्यांची झीज आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. पहिला महिना बाई जवळजवळ झोपून होत्या. मिस्त्री घरात अनवाणी फिरायचे, म्हणजे आवाज होणार नाही. तो किती होतो हे त्यांना कळायला मार्ग नव्हता.

कामगारांचे कान तपासायला सुरुवात झाली तेव्हा पहिल्या यादीत मिस्त्री होते. आवाजबंद खोलीत बसून, आवाज आला की बटण दाबायचं. पंधरा मिनिटांत त्यांनी बटण चारदा दाबलं. बाहेर येऊन विचारलं, "पास की नापास?" डॉक्टरीणबाईंनी आलेख समोर ठेवला आणि वहीत लिहिलं, की बारीक आवाज गेले ते गेले, यंत्रानंही फारसे परत येणार नाहीत. मिस्त्रींनी आलेखाची घसरत गेलेली रेघ बोटानं चाचपली. "ही उतरण मला ठाऊक आहे," ते म्हणाले. बाईंनी घरी परतेपर्यंत त्यांच्याशी लिहून बोलायची वही उघडली नाही.

सर आठवड्यातून दोनदा मिस्त्रींना गिरणीत घेऊन जात. लंगडा खट नेमका कसा असतो हे यंत्रावर पकडायला चार महिने गेले. मिस्त्री तळपायानं सांगायचे, 'हा', आणि सर नोंद करायचे. पहिले तीन बोळे फसले. चौथा बरा निघाला. वर्ष संपत आलं तेव्हा तो तीस जणांना वापरायला दिला. महिन्याभरानं अकरा जणांनी परत केला, कान दुखतो म्हणून. एकोणीस जणांनी ठेवून घेतला. जगात त्याची बातमी कुठं आली नाही.

अनुदानाच्या शेवटच्या आठवड्यात सरांच्या आग्रहानं बाईही गिरणीत गेल्या. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण माग खात्यात त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. दार उघडलं आणि आवाज अंगावर भिंत पडावी तसा आला. बाईंनी दोन्ही हात कानांवर दाबले. हा माणूस एकतीस वर्षं यात उभा होता, आणि आपण त्याच्यावर तीन वेळा ओरडून दमलो. मिस्त्रींनी त्यांच्या दंडाला हात लावला आणि समोर बघायची खूण केली. तिशीतली एक बाई दोन मागांमध्ये उभी होती, कानात नवे बोळे. तिची पाठ होती सातव्या मागाकडे. एकाएकी तिनं मान वळवली, चार पावलांत तिथं पोचली आणि माग थांबवला. दोरा अजून तुटला नव्हता, नुसता विरला होता.

मिस्त्रींनी बाईंकडे पाहिलं. तिथं बोलायची सोयच नव्हती.

परतीच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. बाईंनी वहीत काहीतरी लिहायला घेतलं, एक ओळ झाली आणि पेन हातात धरूनच त्यांना डुलकी लागली. डोकं मिस्त्रींच्या खांद्यावर आलं. कंडक्टर थांब्यांची नावं पुकारत होता. ती मिस्त्रींना ऐकू येणार नव्हती, म्हणून ते डोळे ताणून बाहेरच्या पाट्या वाचत बसले. खांदा मात्र त्यांनी जराही हलू दिला नाही.